बावन्न ग्रॅम

"जड नाहीये तो. तुझं बोट आळशी झालंय," बाबा म्हणाले.

"आळशी? रोज दोनशे वेळा दाबतो मी ट्रिगर. तुम्ही दाबून बघा ना!"

"बघितला. बरोबर आहे."

"कसला बरोबर? दगड आहे दगड! आणि तिन्ही पिस्तुलांचे तसेच. यानेच स्क्रू आवळून ठेवले असणार."

'यानेच' म्हणजे दुकानदार. तो काउंटरच्या पलीकडे उभा राहून चष्मा पुसत होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. मला असली माणसं आवडत नाहीत. चिडलात तर चिडा, निदान समोरच्याला कळतं तरी कुठे उभे आहात ते.

आज सकाळी नऊला दुकान उघडायच्या आधीच आम्ही दारात होतो. मी गेली तीन वर्षं नेमबाजीच्या क्लबच्या पिस्तुलाने नेम मारतोय. त्याची मूठ माझ्याआधी चाळीस जणांच्या घामाने काळी झालीय. यंदा माझं नाव बाहेरच्या स्पर्धेसाठी निघालं, पुढच्या रविवारची. तेव्हा बाबा म्हणाले, तुला स्वतःचं घेऊ. लायसन्स त्यांच्या नावावर, सही त्यांची, पण हात माझा. शाळा सोडल्यापासून 'तुझं काही खरं नाही' याशिवाय दुसरं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी मी जेवलोच नाही नीट. आनंदाने.

दुकानदाराने हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडली. प्रत्येक उघडून, आत गोळी नाही हे आधी मला आणि मग बाबांना दाखवलं. तिन्ही एकाच प्रकारची. एक गोळी सुटली की पिस्तूल स्वतःच पुढची आत घेतं, आपण फक्त बोट सोडायचं आणि पुन्हा दाबायचं. आमच्या स्पर्धेत दुसऱ्या भागात टारगेट तीन सेकंदच समोर येतं. हात खालून वर आणायचा, एक गोळी मारायची, परत खाली. असं पाच वेळा. त्यात पिस्तूल हाताशी भांडायला लागलं की संपलं.

"डोळे मिट," दुकानदार म्हणाला. "हात वर कर. आता उघड."

हे मला माहीत होतं. डोळे मिटून हात उचलायचा, आणि उघडल्यावर पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली तर मूठ तुमची. पहिल्या पिस्तुलाची साइट डावीकडे पडली. नळी लांब, तोंडाकडे जड, हातात फळी धरल्यासारखं. तिसरं हलकं होतं, ते वर उडालं. बाबांना मात्र तिसरंच आवडलं, कारण त्याचा ट्रिगरचा अख्खा संच एक पिन काढली की बाहेर येतो.

"बाबा, मला नेम मारायचाय, तुम्हाला ते उघडून बसायचंय."

"उघडता येत नाही ती वस्तू घ्यायची नाही," ते म्हणाले. हे ते घरातल्या मिक्सरबद्दलही म्हणतात.

मधलं हातात घेतलं. डोळे मिटले, हात वर, उघडले. साइट खाचेत. दोन्ही बाजूंना सारखा उजेड. पुन्हा केलं. पुन्हा तेच. नळी इतकी खाली, मुठीला चिकटून, की झटका वर न उडता सरळ मनगटात येणार. मी पाच वेळा केलं आणि पाचही वेळा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

आणि मग ट्रिगर दाबला. दाबतोय, दाबतोय, सुटतच नाही. क्लबच्या पिस्तुलाचा जिथे सुटतो तिथे हा नुसता उभा. शेवटी 'टक' झालं तेव्हा साइट हलली होती. म्हणून माझं डोकं फिरलं, आणि म्हणून ते वरचं भांडण.

"छोटे," दुकानदार चष्मा डोळ्यावर चढवत म्हणाला, "नियम काय आहे? ट्रिगरने किमान किती वजन पेललं पाहिजे?"

"एक किलो. मला शिकवू नका. आणि छोटे म्हणू नका."

त्याने खालून एक डबी काढली. आत किलोचं वजन, वर हूक, बुडाला सरकारी शिक्का. मधलं पिस्तूल त्याने रिकामंच ताणलं, नळी छताकडे केली, हूक ट्रिगरला अडकवला आणि सावकाश उचललं. वजन काउंटरवरून वर आलं, लटकलं. ट्रिगर हलला नाही.

"वीसेक ग्रॅम जास्त ठेवलेत मी. सगळेच ठेवतात," तो म्हणाला. "तुमचं काय आणलंय, ते लावू?"

तुलनेसाठी आम्ही क्लबचं पिस्तूल पेटीतून आणलं होतं. मी फुशारकीने पेटी उघडली. हे पिस्तूल कोणी तपासलं होतं? माझ्या बाबांनी. बाबा दिवसा लेथवर काम करतात आणि शनिवार-रविवारी क्लबची पिस्तुलं सांभाळतात. क्लबमध्ये त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. वजनकाका म्हणतात. कारण क्लबचं किलोचं वजन त्यांनी स्वतः लेथवर बनवलंय, पितळेचं. दर शनिवारी तेलाच्या फडक्याने पुसतात आणि मऊ कापडात गुंडाळून ठेवतात. माझ्या लहानपणचा एक फोटो आहे, त्यात मी नाहीये, वजन आहे.

दुकानदाराने हूक अडकवला. उचललं.

'टक.'

वजन काउंटरवरून हललंसुद्धा नव्हतं.

"परत," बाबा म्हणाले.

टक.

"मला द्या." बाबांनी स्वतः केलं. त्यांचा हात यंत्रासारखा आहे, कधी हलत नाही. टक.

स्पर्धेतही तीनच संधी असतात.

"मिस्त्री," दुकानदार हळूच म्हणाला, "घरी कशावर तपासता?"

बाबांनी हूक सोडवला. पिस्तूल पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. "मधलं संध्याकाळी सहापर्यंत बाजूला ठेवा," एवढंच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. दुकानदाराला दिसले नसतील, तो खाली बघत होता. मला दिसले.

रस्त्यावर आल्यावर मीच सुरुवात केली. "त्याच्या वजनातच घोळ असेल."

"असेल," बाबा म्हणाले.

"शिक्का होता पण त्याच्यावर."

"होता."

बाबा माझ्या पुढे दोन पावलं चालत होते. एरवी ते रस्त्यात दिसेल त्या दाराच्या बिजागरीवर शेरा मारतात. आज एकावरही मारला नाही.

आणि तेवढ्यात मला सिस्टर आठवली.

सिस्टर म्हणजे आमच्या क्लबमधली नर्स. हॉस्पिटलातून पांढरे बूट तसेच घालून रेंजवर यायची. नेम असा, की पाच गोळ्यांच्या भोकांवर एक नाणं ठेवलं तर झाकली जातील. मला तापट्या म्हणायची. आल्या आल्या माझ्या कपाळाला हात लावून विचारायची, "काय तापट्या, आज किती?" दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी हात झटकला असता.

गेल्या वर्षी बाहेरच्या स्पर्धेत ती पहिल्या भागानंतर तिसरी होती. शेवटची फेरी झाल्यावर चिठ्ठ्या टाकून ज्यांचे ट्रिगर तपासतात, त्यात तिचा नंबर निघाला. वजन लावलं, ट्रिगर सुटला. तीनदा लावलं, तीनदा सुटला. बाद. सगळ्यांसमोर.

ती तिथेच बाबांकडे आली होती. मी शेजारी होतो. म्हणाली, "काका, मी स्क्रूला हात लावलेला नाही. सहा दिवसांपूर्वी तुमच्याच वजनावर पास झालं होतं ना?"

आणि बाबा म्हणाले, "माझ्या वजनावर पास झालं होतं, हे खरं."

बस. तेवढंच. पण त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला. काकांच्या वजनावर पास झालं, मग इथे नापास कसं? म्हणजे मधल्या सहा दिवसांत बाईंनी स्क्रू फिरवला. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारची सीट रिकामी होती. मला ती रिकामी दिसली होती आणि मी मागे जाऊन बसलो.

आणि दुसऱ्या दिवशी मी काय केलं ते लिहितो, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी बाबांच्या डबीतून ट्रिगरचा एक बारीक स्क्रू घेतला आणि चिकटपट्टीने तिच्या लॉकरच्या दारावर लावला. आठ-दहा जण उभे होते. सगळे हसले. एकाने तर माझ्या पाठीवर थाप मारली. ती आली, बघितलं, चिकटपट्टी नखाने सोडवली, स्क्रू युनिफॉर्मच्या खिशात टाकला. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज जास्तच आहे वाटतं." लॉकर रिकामा केला आणि गेली. परत आली नाही.

हे सगळं मला रस्त्यावर, चपलांच्या दुकानासमोर आठवलं. बाबा पुढे चालतच होते. मी पळत त्यांना गाठलं.

"बाबा, आपलं वजन कुठाय?"

"कुठे असणार? वर्कशॉपात."

"तोलूया."

"काही गरज नाही."

"का?"

"कारण मी सांगतोय म्हणून!"

ते ओरडले. रस्त्यात. माझे बाबा. दोन बायका वळून बघायला लागल्या. ओरडतो तो मी. ते कधीच ओरडत नाहीत.

घरी आल्यावर ते तोंड धुवायला गेले आणि मी वर्कशॉपातून वजन उचललं, कापडासकट. वर्कशॉप म्हणजे आमच्या घराची मागची खोली. लेथ, एक टेबल, डबेच डबे, मागच्या गल्लीत उघडणारं दार. त्या दारातून बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. त्याच्याकडे आकडे दाखवणारा काटा आहे.

"काय तोलायचंय? सोनं?" किराणावाला म्हणाला.

"तुम्ही ठेवा फक्त."

त्याने कापडातून वजन काढलं, हुकासकट काट्यावर ठेवलं. लाल आकडे नाचले आणि थांबले. नऊशे अठ्ठेचाळीस.

"काटा खराब आहे तुमचा."

"आहे का?" त्याने शांतपणे त्याचं स्वतःचं किलोचं वजन ठेवलं. एक हजार. "बस? का अजून काही खराब आहे?"

मी धन्यवाद न म्हणता निघालो.

परत आलो तर बाबा वर्कशॉपात स्टुलावर बसले होते. त्यांना माहीत होतं मी कुठे गेलोय. मी वजन टेबलावर ठेवलं.

"नऊशे अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

त्यांनी वजन कापडातून काढून सरळ उभं ठेवलं. मग उठले, वरच्या फळीवरून खिळ्यांचा डबा काढला आणि टेबलावर पालथा केला. खिळे, वॉशर, तुटके ड्रिल, आणि त्यात एक जाड लोखंडी हूक. त्यांनी दोन बोटांनी तो बाजूला काढला.

"वजन बनवलं तेव्हा हा हूक होता. याला धरून किलो," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी बदलला. ट्रिगरवर ओरखडे पाडायचा हा. म्हणून तारेचा बसवला, वर रबर लावलं. सगळ्यांना आवडला होता."

मला आठवलं. मीच रबराची नळी कापून दिली होती.

"आणि परत तोललं नाही?"

"नाही."

"असं कसं? तुम्ही? तुम्ही दुधाची पिशवी हातावर तोलून बघता!"

"राहून गेलं त्या दिवशी. एवढंसं तर काम होतं."

"आणि सिस्टरचं झालं तेव्हा? तेव्हा तरी शंका आली असेल ना?"

बाबांनी हूक खाली ठेवला. त्याचा आवाज झाला नाही, इतक्या हळू.

"आली," ते म्हणाले. "बसमध्येच आली. म्हणून तर तोललं नाही. तोललं असतं तर कळलं असतं."

मी टेबलाला लाथ मारली. खिळे सगळीकडे उडाले. मला त्यांना मारायचं होतं का, माहीत नाही. एक वर्ष! एक वर्ष हा माणूस दर शनिवारी त्या वजनाला तेल लावत होता. आणि दर शनिवारी मी शेजारी बसून फडकं धरत होतो.

"तिला चोर ठरवलं सगळ्यांनी!"

"मी ठरवलं नाही."

"तुम्ही तोंड बंद ठेवलं!"

"आणि तू स्क्रू चिकटवलास," बाबा म्हणाले.

मी वाकून खिळे गोळा करायला लागलो.

मग ते नेहमीच्या आवाजात बोलायला लागले, म्हणजे कारागीर कामाचं बोलतो तसं. वजनाला खालून भोक पाडायचं, बावन्न ग्रॅम शिसं ओतायचं, वर पितळेची टिकली ठोकायची. तासाभराचं काम. मग क्लबची सातही पिस्तुलं 'सफाईसाठी' म्हणून मागवायची, एकेक करून ट्रिगर घट्ट करायचे. रविवारपर्यंत सगळं नियमात. कोणी विचारलंच तर म्हणायचं, स्प्रिंग नव्या घातल्यात.

"आणि सिस्टर?"

"ती गेली आता."

"गेली म्हणजे? मेली का? हॉस्पिटलात आहे ती, इथून वीस मिनिटांवर."

"हे बघ," बाबा म्हणाले, आणि इथे त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं. "बावीस वर्षं झाली मला क्लबमध्ये. लेथवर मला कोण ओळखतं? इकडे लोक उठून उभे राहतात. उद्या हे बाहेर पडलं की लहान पोरं पण विचारतील, काका, वजन बरोबर आहे ना? मग मी काय करू तिथे?"

मी हातातले खिळे डब्यात टाकले.

"ते मधलं पिस्तूल," ते म्हणाले. "छान बसलं तुझ्या हातात. मला दिसत होतं. संध्याकाळी जाऊन सही करतो. आठ दिवस आहेत, हात बसेल. फक्त हे इथेच राहू दे. या खोलीत."

आता खरं सांगायचं तर मी लगेच 'नाही' म्हणालो नाही. उजवा हात आपोआप मिटला होता, त्या मुठीच्या आकारात. डोळे न मिटताच मला साइट खाचेत दिसत होती. माझ्याकडे दुसरं काय आहे? दहावीला बाकावर डस्टर फेकून मारलं आणि शाळा सुटली. लेथवर बाबांच्या ओळखीने उभा आहे. एक नेम आहे, तेवढाच. आणि त्यातही कळलं की तीन वर्षांत दोन वर्षांचा नेम हलक्या ट्रिगरचा होता. खऱ्या किलोवर माझी साइट हलते, सकाळीच बघितलं. पिस्तूल नसेल तर रविवारही नाही.

किती वेळ गप्प होतो ते सांगत नाही. खूप होतो. बाबांना वाटलं मी कबूल झालो. त्यांनी वजन उचललं, लेथच्या पकडीत बसवलं आणि ड्रिल शोधायला लागले.

पकड आवळताना त्यांनी मध्ये फडकं घातलं, पितळेवर ओरखडा पडू नये म्हणून. अगदी प्रेमाने. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. एकदा भोक पाडून शिसं ओतलं की बावन्न ग्रॅम कुठेच राहणार नाहीत. सिस्टर उद्या कोणालाही काहीही सांगू दे, काट्यावर ठेवलं की एक हजार.

मी पकड सैल केली, वजन खेचून घेतलं. बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात खूप जोर आहे, त्यांनी ठरवलं असतं तर सुटलं नसतं.

"नको," ते म्हणाले. "बाळा, नको."

बाळा मला आई गेल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं. आजच म्हणायचं होतं त्यांना!

"सोडा."

त्यांनी सोडलं. मग ते पुढच्या खोलीत गेले आणि मी आतून कडी लावली.

तेव्हा पाऊण वाजला होता. सिस्टरची ड्युटी दोनला सुटते, मग ती हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून बाहेर पडते, सायकल तिथेच लावते. तिच्यासमोर नुसता उभा राहिलो तर मी काहीतरी वाकडं बोलणार. तोंडाने बोललो की माझं सगळं उलटं बाहेर पडतं. म्हणून आधी लिहून काढलं, लेथच्या जॉबकार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. तिने हवं तर वाचावं. नको तर माझ्यासमोर फाडावं. पण वजन आणि जुना हूक तिच्याकडे राहतील. सोमवारी क्लबच्या मीटिंगला तिने जायचं की नाही, ते ती ठरवेल. स्क्रूबद्दल काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

क्लबची पिस्तुलं घेऊन स्पर्धेत उतरणाऱ्या बाकीच्या सहा जणांनाही रविवारच्या आत सांगावं लागेल. ते मी सांगीन. चिठ्ठी कोणाचीही निघू शकते.

बाबांनी दोनदा दार वाजवलं. पहिल्यांदा म्हणाले, "दार उघड." मी उघडलं नाही. आत्ता पुन्हा वाजवलं, आणि दाराला तोंड लावून म्हणाले, "हूक वेगळ्या पुडीत बांध. पिशवीत सुटा टाकू नकोस, पडेल."

यावरून काय समजायचं, मला कळत नाहीये. ते अजून दारामागेच उभे आहेत, खालच्या फटीतून चपला दिसतायत. हूक फडक्यात बांधलाय. वजन कापडात. दुकानदाराला सहाच्या आत सांगायला हवं की ते मधलं दुसऱ्या कोणाला दाखवलं तरी चालेल, पण ते नंतर. दीड वाजून गेलाय आणि फाटकापर्यंत वीस मिनिटं लागतात. मला आता निघायला हवं.